फाटकावरचा फौजी

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत एक मजकूर कैक वर्षं जवळपास तसाच छापला जातो. माजी सैनिक पाहिजेत, वय पंचेचाळीसपर्यंत, शेप-वन, चारित्र्य एक्झेम्प्लरी, बारा बोअरचा परवाना असल्यास प्राधान्य. शेप-वन हा लष्करी डॉक्टरांनी दिलेला तंदुरुस्तीचा सर्वांत वरचा दर्जा. एक्झेम्प्लरी हा डिस्चार्ज बुकात वर्तणुकीपुढे पडणारा सर्वांत वरचा शेरा. त्याच बुकात त्या माणसाचा ट्रेडही लिहिलेला असतो. वायरलेस ऑपरेटर, व्हेइकल मेकॅनिक, स्टोअरकीपर, नर्सिंग असिस्टंट असं काहीही. जाहिरातीत मात्र त्याची चौकशी नसते. खाजगी मालकाने माजी सैनिकाकडून काय घेतलं आणि काय न बघताच सोडून दिलं, याचा इतिहास महाराष्ट्रात चांगला शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. त्यातला बराचसा कारखान्याच्या फाटकापाशीच घडला.

मराठेशाहीत हा प्रश्न फारसा पडत नसे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज मुलुखगिरीला निघे आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरीचशी परत येई. घोडं असलेला शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर या दोघांच्याही मागे गावात शेत असे, वतन असे, निदान भाऊबंद तरी असत. लढाई हा वर्षातल्या काही महिन्यांचा उद्योग होता. बारमाही पगार, ठरलेली मुदत, मुदत संपली की नाव कमी आणि हातात पेन्शन, ही पद्धत इकडे मोठ्या प्रमाणावर रुजवली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेने. त्यातून एक नवाच माणूस तयार झाला. वय चाळिशीच्या आसपास, अंगात शिस्त, थोडं लिहिणं-वाचणं, दरमहा थोडी रोख रक्कम आणि पुढचं अर्धं आयुष्य मोकळं.

कोकणात दापोलीचा कँप हे अशा पेन्शनरांचं गाव झालं. महार समाजातल्या सैनिकांची तिथे मोठी वस्ती होती, कारण कंपनीच्या पलटणींत हा समाज सुरुवातीपासून भरती होत आला होता. गोपाळबाबा वलंगकर हे तिथले निवृत्त हवालदार. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने 'लढवय्या जमाती'चं धोरण लावून महारांची भरती बंद केली, तेव्हा दाद मागायला पुढे झाले ते वलंगकरच. पुढे 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनीही लष्कर आणि पोलीस खात्यात पुन्हा प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला. या अर्जांकडे आज सामाजिक चळवळीचा आरंभ म्हणून पाहिलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण त्यांच्यामागे पोटापाण्याचा हिशेबही होता. फौज बंद म्हणजे पगार बंद, पेन्शन बंद, शिवाय फौजेतून मिळणारं शिक्षणही बंद.

सुभेदार रामजी सकपाळ यांची गोष्ट इथे बघण्यासारखी आहे. महूला लष्करी शाळेत शिक्षक असलेला हा माणूस. निवृत्तीनंतर आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आला. 1901 च्या सुमारास खटाव तालुक्यात सरकारने दुष्काळी कामावर तलाव खोदायला घेतला होता, तिथे ते रोखपाल होते. सैन्यातल्या शिक्षकाला निवृत्तीनंतर पैशाच्या पेटीवर बसवणं, हा त्या काळात फौजी माणसाच्या प्रामाणिकपणावर टाकलेला विश्वासच होता. मात्र वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघालेल्या मुलांना मसूर स्टेशनवर उतरल्यावर महार म्हणून बैलगाडी मिळेना. गाडीवाल्याने दुप्पट भाडं घेतलं, आणि गाडी हाकायची तीही मुलांनीच, कारण त्यांच्याशेजारी बसायला तो तयार नव्हता. त्या मुलांपैकी भीमरावांनी, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी, हा प्रसंग पुढे लिहून ठेवला. सुभेदाराच्या हुद्द्याला रोखपालाची नोकरी मिळवता आली, तरी मसूरच्या गाडीवानापुढे त्याच हुद्द्याचा काही उपयोग झाला नाही.

गिरण्यांतही हेच. मुंबईच्या कापड गिरण्यांत सर्वांत जास्त मजुरी विणाई खात्यात होती आणि ते खातं अस्पृश्य कामगारांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाची सबब पुढे केली जाई. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे लावून धरला. पहिल्या महायुद्धात 1917 साली उभी राहिलेली 111 वी महार पलटण 1921 मध्ये मोडली गेली होती. तिच्यातला जो जवान परळ-लालबागला आला, त्याच्यासाठी गिरणीतलं हे चांगलं खातं बंदच होतं.

युद्ध संपलं की सरकारला माजी सैनिकाची आठवण येते, हे मात्र दर खेपेला खरं ठरलं. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसं समुद्रापार गेली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरच्या कित्येक गावांत अजूनही एखाद्या भिंतीत बसवलेली दगडी पाटी सापडते. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांतले इतके परतले नाहीत, एवढाच मजकूर. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जण त्या युद्धात कामी आले आणि गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. परत आलेल्यांसाठी 1919 मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली सैनिक कल्याण कार्यालयं हा त्याचाच पुढचा विस्तार. त्याआधीच, 1917 साली, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत जायबंदी सैनिकांसाठी क्वीन मेरी टेक्निकल स्कूल सुरू झालं आणि पुढे ते खडकीला हललं. हात किंवा पाय गमावलेल्या जवानाला एखादा धंदा शिकवायचा आणि पोटाला लावायचं, हा तिथला उद्देश. सैनिकाला निवृत्तीनंतर काय काम देता येईल, हा प्रश्न कौशल्याच्या बाजूने सोडवायचा प्रयत्न करणारी इथली ही अगदी सुरुवातीची संस्था. ती आजही खडकीत आहे.

विलायतेत या प्रश्नाचं वेगळं उत्तर त्याआधीच सापडलं होतं. क्रिमियाच्या युद्धातून जखमी होऊन आलेल्यांसाठी कॅप्टन एडवर्ड वॉल्टर यांनी 1859 साली लंडनमध्ये कोअर ऑफ कमिशनेअर्स काढली. गणवेश घातलेले, पदकं लावलेले जुने सैनिक बँका, हॉटेलं आणि कचेऱ्यांच्या दारांत उभे राहू लागले, निरोप पोचवू लागले. मालकाला विश्वासू माणूस मिळाला आणि सैनिकाला पगार. माजी सैनिक आणि दार यांची सांगड पक्की झाली.

दुसऱ्या महायुद्धाने ही सांगड मोडायची संधी आणली होती. हिंदी फौज 25 लाखांवर गेली होती आणि हे सगळे काही नुसते बंदूकधारी नव्हते. ज्यांनी गावात सायकलही चालवली नव्हती अशा हजारो पोरांनी तीन टनी लॉरी चालवल्या, रेडिओ सेट उघडून दुरुस्त केले, पूल बांधले, एक्स-रे काढले. 1945 नंतर ही सगळी माणसं घरी येणार, हे दिसत होतं. तेव्हा जुलै 1945 मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचं स्वतंत्र महासंचालनालय निघालं आणि त्याने देशभर रोजगार विनिमय केंद्रं उघडली. पुढच्या तीन पिढ्यांतल्या पदवीधरांनी ज्या 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'च्या खिडकीपुढे कार्ड नूतनीकरणासाठी रांगा लावल्या, ती खिडकी मुळात युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी उघडली होती.

ती फार काळ त्यांची राहिली नाही. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले आणि केंद्रं त्यांच्यासाठी राबू लागली. 1948 पासून ती सगळ्यांनाच खुली झाली, 1956 मध्ये राज्यांकडे गेली. सैनिकांसाठी उभारलेल्या धंदेशिक्षणाचंही तसंच झालं. ते आधी निर्वासितांकडे वळलं आणि 1950 पासून कारागीर प्रशिक्षण योजना म्हणून सर्वांसाठी चालू झालं. आजच्या आयटीआयचा उगम तिथे आहे. 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक माणसं असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा केंद्राला कळवण्याची सक्ती आली. पण कळवण्याची, घेण्याची नव्हे. केंद्राने पाठवलेल्या यादीतलाच माणूस घ्यावा असं बंधन कायद्यात नव्हतं. मालकांनी फॉर्म भरले आणि माणसं आपल्या पद्धतीने घेतली.

सरकारी दाराचा हिशेब वेगळा होता. केंद्र सरकारात क गटात दहा टक्के, ड गटात वीस टक्के जागा माजी सैनिकांना. बँका आणि सार्वजनिक उपक्रमांत अवलंबितांचा वाटा धरून साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत पंधरा टक्के समांतर आरक्षण. मॅट्रिक झालेला आणि पंधरा वर्षं सेवा केलेला सैनिक क गटातल्या बिगर-तांत्रिक पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा मानावा, असंही केंद्राने ठरवून दिलं. खाजगी कंपनीला यातलं काहीच लागू नाही. तिच्या लेखी पंधरा वर्षं सिग्नल्समध्ये काढलेला नायक दहावी पास तो दहावी पासच.

या दोन जगांच्या मधोमध बँकेच्या दारातला गार्ड उभा राहिला. 1969 मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशात बँकांच्या सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या. 1990 पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. तालुक्याच्या बाजारपेठेत, साखर कारखान्याच्या आवारात नवी शाखा उघडली, रोकड आली, की दुनळी बंदूक घेतलेला एक माणूस दारात आला. खाकी कपडे, इस्त्रीची घडी, खांद्यावर काडतुसांचा पट्टा, छातीवर कधी एखादी रिबन. गावात त्याला 'मेजर' म्हणत. तो हवालदार म्हणून सुटलेला असो की शिपाई म्हणून, सातारा-नगरकडे निवृत्त फौजीला मेजर म्हणायची रीतच आहे. हा मेजर शाखेचा बराच गाडा ओढायचा. पेन्शनच्या दिवशी रांग लावायची, म्हाताऱ्यांच्या स्लिपा भरून द्यायच्या, ग्राहक आणि कॅशिअरचं वाजलं तर मध्ये पडायचं. राष्ट्रीयीकृत बँकेत त्याला कायम नोकरी मिळे. पहिली पेन्शन चालू, वर दुसऱ्या नोकरीचे सगळे फायदे. त्या काळात गावाकडे 'मिलिटरीतून आला आणि बँकेत लागला' याहून मोठं भाग्य कुणाच्या वाट्याला आलेलं दिसत नसे.

खाजगी कारखाने मात्र वेगळ्या रस्त्याने गेले. त्यांना गार्ड हवा होता, कामगार म्हणून नको होता. मध्ये ठेकेदार आला. 1974 साली पाटण्यात आर. के. सिन्हा यांनी एसआयएस ही सुरक्षा कंपनी काढली. पत्रकार म्हणून 1971 च्या युद्धाच्या बातम्या दिलेल्या या माणसाला सैनिकांसाठी काही करण्याची सूचना जयप्रकाश नारायण यांनी केली होती. माजी सैनिक हाताशी घेऊन सुरू झालेली ही कंपनी 2017 मध्ये शेअर बाजारात आली. मुंबई-पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातही अशा एजन्सीज वाढत गेल्या. रचना सगळीकडे सारखीच. मालक बहुधा निवृत्त अधिकारी किंवा व्यापारी, फील्ड ऑफिसर निवृत्त सुभेदार, साइटवर बारा तासांची ड्युटी, रिलीव्हर आला नाही तर डबल.

ठेकेदारी बोकाळली तसा महाराष्ट्राने त्यावर उपाय केला. माथाडी कायद्याच्या धर्तीवर 1981 साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा आला आणि सुरक्षा रक्षक मंडळ स्थापन झालं. रक्षक मंडळाकडे नोंदवलेला, मालकाने पगार आणि वर्गणी मंडळाकडे भरायची, मंडळाने ती रक्षकाला द्यायची. देशात असा कायदा करणारं हे पहिलंच राज्य. पण कायद्यातच सवलतीचं एक कलम होतं. आपल्या रक्षकांना मंडळापेक्षा कमी फायदे देत नाही असं दाखवणाऱ्या एजन्सीला सूट मिळू शकत होती, आणि त्या वाटेने एजन्सीज टिकून राहिल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तरी धंदा कमी झाला नाही. बंद गिरणीच्या फाटकालाही रखवालदार लागतोच. पुढे एटीएम आली. पहिलं एटीएम 1987 मध्ये मुंबईत एचएसबीसीने लावलं. बँकेच्या दारातला कायम नोकरीतला मेजर हळूहळू निवृत्त होत गेला आणि एटीएमच्या काचेच्या खोलीबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कंत्राटी गार्ड बसला.

फाटकाच्या आत गेलेलेही होते. मुरलीकांत पेटकर यांचं उदाहरण आता सिनेमामुळे सर्वांना ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा लष्कराच्या ईएमई विभागात होता. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून पोहणं सुरू केलं आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक मिळवलं. पदकाची चर्चा खूप झाली. त्यांच्या नोकरीची फारशी होत नाही. पुण्यात टेल्कोने त्यांना कामावर घेतलं आणि तिथे त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला रखवालदार करता येत नाही. त्यामुळे मालकाला त्याच्यासाठी कारखान्याच्या आतलं काम शोधावंच लागलं. ज्यांचे हातपाय शाबूत होते, त्यांच्या बाबतीत असं शोधण्याची गरज फार थोड्या मालकांना वाटली.

अधिकाऱ्यांना आतली वाट लवकर सापडली. 1962 च्या चीन युद्धानंतर फौज झपाट्याने वाढवताना हजारो तरुणांना आपत्कालीन कमिशन देण्यात आलं होतं. त्या दशकाच्या उत्तरार्धात ते मोकळे होऊ लागले, तेव्हा प्रशासकीय सेवांपासून कंपन्यांच्या कार्मिक विभागांपर्यंत पसरले. 1991 नंतर विमानतळ, दूरसंचार, मॉल आणि आयटी पार्क यांना प्रशासन, वाहतूक आणि मालसाठा सांभाळणारी माणसं हवी होती. 1992 पासून लष्कराने वैद्यकीय आणि परिचर्या सेवांबाहेरही स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्यातल्या बहुतेकींना अल्पकालीन कमिशन असल्याने पेन्शनशिवाय बाहेर पडावं लागे, आणि त्यांच्यासाठी खाजगी नोकरी हा पर्याय नसून गरज होती. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाने आयआयएमसारख्या संस्थांत अधिकाऱ्यांसाठी सहा महिन्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम सुरू केले. कर्नल कंपनीचा ऑपरेशन्स हेड झाला, त्याच्या युनिटमधला हवालदार त्याच कंपनीच्या फाटकावर राहिला, असंही चित्र कुठे कुठे दिसू लागलं.

जवानाच्या बाबतीत गाडी तिथेच का अडली, याची कारणं दोन्ही बाजूंना आहेत. लष्करातून दरवर्षी साठ हजारांच्या आसपास माणसं बाहेर पडतात आणि त्यांतले बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस या वयातले असतात. त्या वयात कारखान्यातला त्यांचा समवयस्क सुपरवायझर झालेला असतो. फौजीला सुरुवात मात्र हेल्परपासून करायला सांगतात आणि ते त्याला जड जातं. वीस वर्षं काश्मीर, आसाम, राजस्थान केलेल्या माणसाला आता घरापासून लांब जायचं नसतं. मुलं दहावी-बारावीला असतात, अर्धवट राहिलेलं घर पुरं करायचं असतं, आईवडील थकलेले असतात. शिरवळ किंवा चाकणच्या एमआयडीसीत, गावाकडून जाऊन-येऊन करता येण्यासारखी जी पहिली नोकरी मिळते, ती सिक्युरिटीची.

पगार कमी असला तरी तो ती घेतो, कारण पेन्शन चालू असते. सुरक्षेचा सगळा व्यवसाय या एका गोष्टीवर बेतलेला आहे. सरकारी पेन्शनने निम्मं घर चालतं, म्हणून एजन्सीला निम्म्या पगारात फौजी मिळतो. सरकारने माजी सैनिकाला दिलेला आधार अशा रीतीने त्याच्या मालकाच्या खिशात जातो. बिगर-फौजी गार्डलाही त्याची झळ बसते, कारण मजुरीचा दर त्याच पातळीवर ठरतो.

अलीकडे गोदामांमुळे थोडा फरक पडला आहे. अ‍ॅमेझॉनने 2019 मध्ये भारतात माजी सैनिकांच्या भरतीचा वेगळा कार्यक्रम सुरू केला आणि फ्लिपकार्टने 'फ्लिपमार्च' काढला. भिवंडीच्या अवाढव्य गोदामांत माल येणं, लावणं, मोजणं आणि वेळेत बाहेर काढणं हे लष्कराच्या रसद विभागात अर्धं आयुष्य काढलेल्याला नवं नाही. अशा ठिकाणी त्याचं काम कागदावरून समजून घ्यावं लागत नाही, ते दिसतं.

आता मात्र सगळाच हिशेब बदलतो आहे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. साडेसतरा ते एकवीसच्या मुलांना चार वर्षांसाठी घ्यायचं, त्यांतल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम करायचं आणि उरलेल्यांना अकरा लाखांहून थोडी अधिक सेवानिधी देऊन निरोप द्यायचा. पहिल्या वर्षासाठी सुमारे 46 हजारांची भरती जाहीर झाली होती. घोषणेनंतर देशभर आंदोलनं पेटली, तेव्हा आनंद महिंद्र यांनी आपला समूह या मुलांना, म्हणजे अग्निवीरांना, घ्यायला उत्सुक असल्याचं जाहीर केलं. इग्नूने अग्निवीरांसाठी पदवीचा अभ्यासक्रम तयार केला. त्यातले निम्मे श्रेयांक सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरायचे ठरलं. पहिल्या तुकडीची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात.

योजनेच्या अटींनुसार चार वर्षांनी सुटणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे 1919 पासून ज्या मंडळांनी, आरक्षणांनी आणि कार्यालयांनी निवृत्त जवानाला सांभाळलं, त्यांच्या मूळ व्याख्येतच तो बसत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या भरती अकॅडम्यांत आजही पहाटे पोरं सोळाशे मीटर पळतात, आणि त्यांचे बाप संध्याकाळी फी भरायला येतात तेव्हा चार वर्षांनंतरचं विचारतात. एजन्सीच्या फील्ड ऑफिसरकडे या मुलासाठी फाटकावरची जागा आहेच. पण बारा तासांच्या त्या पगारात आजवर घर चाललं ते पेन्शनच्या आधारावर, आणि या पोराच्या खात्यात दर महिन्याला पेन्शन जमा होणार नाही. त्याला कामावर घ्यायचं तर कंपनीला पूर्ण पगार द्यावा लागेल, आणि पूर्ण पगार द्यायचा तर त्याला सिग्नलचं, गाडीचं किंवा इंजिनाचं काय काय येतं, हे आधी विचारावं लागेल.